सुपाचा वारा

कोयनानगरच्या आमच्या चाळीत एक निवृत्त हवालदार राहायचे. दर रविवारी ते आपल्या लांब केसांच्या कुत्रीला न्हाऊ घालत आणि मग तासभर सुपानं वारा घालत बसत. हात भरून आला की हात बदलायचा, पण थांबायचं नाही. मधूनच तिच्या पोटाला गाल लावून म्हणायचे, "आतनं वली हाय अजून."

मलाच बघवेना. "आवं हवालदार, पंखा लावा की!"

"भूकंपात जमीन पंख्यावानीच घरघरली व्हती. तवापासनं पंखा लावला की ही कुत्री खाटंखाली शिरती." सूप हलतच राहिलं.

ऐन वैशाखात त्यांच्या खोलीत गेलो. ते घामानं निथळत बसले होते. कोपऱ्यातल्या टेबलफॅनला जुन्या खाकी सदऱ्यात गुंडाळून वर सुतळीच्या दोन गाठी मारल्या होत्या.