अन्वरभाईनं कधी मत मागितलं नाही

अन्वरभाई गेला, त्या सकाळी मी त्याच्याच आवाजावर स्पीकर तपासत होतो.

संध्याकाळी गझलांचा कार्यक्रम होता. साउंड आमचं. "हॅलो, चेक, वन टू" म्हणायचा मला कंटाळा. त्यापेक्षा मी त्याचं एखादं जुनं रेकॉर्डिंग लावायचो.

"बैठो भाई, बैठो! घर जाके क्या करते? नल कू पानी तो आजबी नहीं आया."

खुर्च्या मांडणारी माणसं हसली. तेवढ्यात त्याच्या पुतण्याचा फोन आला. नमाज पढून अन्वरभाई चहा घेत होता. बसल्या जागी गेला.

स्पीकर बंद करायचं मला सुचलंच नाही. रिकाम्या मैदानात तो बोलत राहिला.

आज वर्ष झालं.

जे त्याला ओळखत नव्हते त्यांच्यासाठी सांगतो. अन्वरभाई निवेदक होता. मुशायरा, ऑर्केस्ट्रा, गणपती, कव्वाली, आपल्या शहरातली कुठलीही संध्याकाळ त्याच्याशिवाय रंगायची नाही.

आणि निवडणुकीच्या सभा.

नेता कधीच वेळेवर येत नाही. तोवर लोक उठून जाऊ नयेत, हे त्याचं काम. नकला, शेर, किस्से. सगळ्याच पक्षांनी त्याला बोलावलं, सगळ्यांकडं तो गेला.

एक गोष्ट मात्र तो करायचा नाही. मत मागायचा नाही.

एकदा गुलमंडीतल्या सभेत उमेदवाराचा माणूस स्टेजवर चढला. कानात म्हणाला, "दोन शब्द निशाणीबद्दल बोला की."

अन्वरभाईनं थेट माइकवरच उत्तर दिलं.

"निशाणी का काम साहब का. अपना काम बिठाने का. बैठो!"

लोक शिट्ट्या मारायला लागले. साहेब नेमके तेव्हाच पोचले होते, स्टेजच्या पायरीशी उभे होते. तेही हसले. पण त्या पक्षानं त्याला पुन्हा बोलावलं नाही.

मी म्हणालो, "कशाला बोललास? मत द्या म्हणायला काय जातं?"

"माऊली, ये तो जीत के जाता मुंबई. मैं तो इधरीच घूमता ना? कल लोगां मेरेकूच पकडते. अन्वरभाई, पानी किधर है? तुम बोले थे!"

माझ्या गळ्यात माळ आहे म्हणून तो मला माऊली म्हणायचा. त्याचं ऐकून अख्खं शहर म्हणायला लागलं.

मागच्या महिन्यात एका उमेदवाराचा प्रचार बघणारा तरुण माझ्या गोडाऊनवर आला. नाव लिहीत नाही. 'भाऊ' म्हणजे कोण, तेही विचारू नका.

"माऊली, अन्वरभाईंचं मिक्सरवरून घेतलेलं रेकॉर्डिंग तुमच्याकडं आहे ना?"

"आहे. लई वर्षांचं."

"तेच पाहिजे. मोबाईलच्या क्लिपांत गोंगाट फार. एआयवर त्यांचा आवाज तयार करतो. गाडीवर लावून सगळ्या वॉर्डांत फिरवायचा. मैं अन्वरभाई बोल रहा हूँ, भाऊंनाच मत द्या."

"अरे, तो गेला."

"म्हणूनच तर, माऊली. लोकांच्या डोळ्यांत पाणी येईल."

"त्यानं कधी मत मागितलं नाही."

"आता तरी तो कुठं मागतोय? मशीन मागणार." मग खुर्चीवरून उठत म्हणाला, "अन्वरभाईंच्या घरी विचारलंय, भाभी तयार आहेत. आणि भाऊंच्या सगळ्या सभांचं साउंड तुमच्याकडंच ठेवायचं म्हणतोय. फायनल नाय अजून."

निवडणुकीच्या हंगामावर माझ्याकडची माणसं अर्धं वर्ष काढतात. मी "बघतो" म्हणालो.

त्याचा रोज मेसेज यायचा. 'माऊली, आज?' मी रोज 'बघतो' लिहायचो. संध्याकाळी हरिपाठाला बसलो की तोंडानं नाम आणि डोक्यात हार्डडिस्क.

शेवटी बायको म्हणाली, "नाय द्यायचं तर नाय म्हणा. रोज बघतो बघतो काय? त्याला वाटायचं, तुम्ही भाव वाढवायलेत."

मी भाभींकडं गेलो. म्हटलं, तुम्ही हो म्हणालात म्हणे.

भाभींनाच नवल वाटलं.

"वो लडका बोला, माऊली तैयार हैं. तो मैं बोली, माऊली बोले तो ठीकच होंगा."

तो अन्वरभाईच्या आवाजात काय वदवून घेणार आहे, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं.

भाभींनी पदर तोंडावर धरला. म्हणाल्या, "जिंदगीभर बच के रहे मियाँ. अब मरे बाद बुलवाते?"

तिथंच, त्यांच्या दारात उभा राहून मी त्या पोराला फोन लावला.

"रेकॉर्डिंग मिळणार नाही."

"विचार करा माऊली. साउंड दुसऱ्याकडं जाईल."

"जाऊ दे."

"भाऊ लक्षात ठेवतात हां."

"व्हय. ठेवू दे."

दुसऱ्याच दिवशी साउंड दुसऱ्याकडं गेलं. आमची गाडी सध्या गोडाऊनमध्येच उभी आहे.

पण फोन थांबले नाहीत. आता माझ्या ऑपरेटरला येतात. 'तू काढून दे, माऊलीला कळणार नाय.' तो मला येऊन सांगतो. उद्या त्याचीही अडचण असेल, तेव्हा सांगेल का, माहीत नाही. त्याला तरी काय दोष देऊ?

आज सकाळी कब्रस्तानात जाऊन आलो. मग सगळी रेकॉर्डिंग एका पेनड्राइव्हवर घेतली आणि भाभींच्या हातात दिली. त्या म्हणाल्या, "अभी नहीं सुन सकती मैं." कपाटात कपड्यांखाली ठेवली.

गोडाऊनवर येऊन माझ्या हार्डडिस्कवरचं पुसायला बसलो. एकही ऐकलं नाही. ऐकलं असतं तर पुसलं नसतं.

कायमचं काढायचं का, असं कॉम्प्युटर विचारतो.

मग होय दाबलं.

खुदा हाफिज, अन्वरभाई.
रामकृष्ण हरी.