दोन मोटारसायकलींसाठी घर

सांगलीहून पहाटे निघालो तेव्हा आमच्या इमारतीतल्या कुणालाही आम्ही खरं कारण सांगितलं नव्हतं. "विदर्भात जरा फिरून येतो," एवढंच. खरं कारण सांगितलं असतं तर निघायला दुपार झाली असती.

कारण असं होतं: श्रीकांत आणि मी, दोघंही नोकरीतून मोकळे झालो होतो. मुलगी बंगळुरात रमली होती. आम्हा दोघांना मोटारसायकलचं वेड कॉलेजपासूनचं (आमची ओळखच मुळी पंक्चरच्या दुकानात झाली, त्यामुळे आमच्यात अहो-जाहो कधी आलंच नाही). फ्लॅट भाड्याने द्यायचा आणि यापुढे बाराही महिने चाकांवर राहायचं, असं आम्ही ठरवलं होतं. जीपच्या मागे जोडायचं एक घर हवं होतं. त्यात आम्ही दोघं झोपू, स्वयंपाक करू, आणि त्याच्याच पोटात आमच्या दोन मोटारसायकली उभ्या राहतील. असं घर बाजारात तयार मिळत नाही. एका ओळखीच्या ट्रकवाल्याने सांगितलं, "यवतमाळ जिल्ह्यात आर्णीला जा. तिथे एक मिस्त्री आहे. ट्रकच्या बॉड्या बांधतो, आणि सध्या त्याच्याकडे असले दोन डबे उभे आहेत."

एक जण जीपमध्ये आणि एक जण श्रीच्या जड मोटारसायकलवर, असा प्रवास दोन दिवस चालला. माझी गाडी घरीच ठेवली होती. दर शंभर किलोमीटरला अदलाबदल करायची ठरली होती, पण श्री प्रत्येक वेळी म्हणायचा, "तूच चालव, तुला मजा येतेय." नवरा इतका उदार झाला की बायकोने सावध व्हायला हवं. मी मात्र खूश होऊन चालवत राहिले.

डिसेंबर संपत आला होता. काळ्या रानात कापसाची वेचणी चालू होती आणि मधल्या पट्ट्यांत तूर पिवळ्या फुलांनी आणि शेंगांनी वाकली होती. आर्णीत शिरलो तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. चौकातल्या टपरीवर तर्री-पोहे खाल्ले (पोह्यांवर झणझणीत हरभऱ्याचा रस्सा). आम्ही सांगलीकर तिखटाला भीत नाही, असं मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले आणि पुढची दहा मिनिटं पाणी पीत बसले.

रशीद मिस्त्रींचं वर्कशॉप गावाबाहेर, एका मोठ्या कडुनिंबाखाली होतं. साठीचे, सडपातळ, कानावर पेन्सिल. आमची कहाणी त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतली. हसले नाहीत. एवढ्यावरूनच मला माणूस आवडला.

"म्हणजे ताई, तुमाले घर बी पायजे अन् गॅरेज बी पायजे. एकाच डब्ब्यात."

"हो."

"अन् राहाचं किती दिवस?"

"कायमचं," श्री म्हणाला.

मिस्त्रींनी चष्मा काढून पुसला. "मंग पाहून घ्या आरामात. घर घेऊन राह्यले तुमी, भेंडी नाही."

दोन डबे शेजारी शेजारी उभे होते. पहिला वीस फुटी, पांढराशुभ्र. आत गादीचा पलंग, बसायला बाक, आणि स्वयंपाकाच्या ओट्यासमोर लांबरुंद खिडकी. मागची भिंत खाली पाडली की तिचाच उतार व्हायचा, त्यावरून मोटारसायकली आत घ्यायच्या. दुसरा चौदा फुटी, राखाडी, जमिनीला टेकल्यासारखा बुटका. तो मिस्त्रींनी मंडपाचं सामान न्यायला बांधला होता. आत काहीही नव्हतं. दारातून डोकावले तर गोणपाटाचा वास आला.

मी त्या खिडकीपाशी उभी राहिले आणि माझं ठरून गेलं. ओट्याशी उभं राहून समोर रोज नवं गाव बघायचं! श्रीने पलंगावर पाय ताणले आणि त्याचंही ठरलं.

"हा एका साहेबानं बनवून घेतला होता, त्याच्याच नकाशावर," मिस्त्री म्हणाले. "मंग त्याचा इचार बदलला. मी तं त्याले सांगतलं होतं, गाड्या पार मांगं नका ठेवू म्हणून. आयकलं नाही. तुमी असं करा, दोन दिवस घेऊन जा. राहून पाहा, मंग बोलू."

घरी राहिलेल्या माझ्या गाडीच्या जागी, तेवढ्याच वजनाची म्हणून त्यांनी स्वतःची मोटारसायकल दिली. जाताना दोन गोष्टी बजावल्या: गाड्या आत घेताना डबा जीपला जोडलेलाच असू द्या, आणि गाडी हाताने ढकलत चढवा, इंजिन चालू करून नाही. आम्ही माना हलवल्या.

महागाव मागे टाकून उमरखेडकडे निघालो. सागवानाच्या टेकड्या जवळ येत गेल्या. पानं गळायला लागली होती आणि रस्त्याकडेला त्यांचे मोठाले पत्रे पसरले होते. मी जीप चालवत होते. एका उतारावर वेग थोडा वाढला आणि मागचा डबा डावी-उजवीकडे शेपूट हलवायला लागला. आधी हळूच, मग जीपसुद्धा त्याच्याबरोबर हलू लागली. समोरून कापसाने भरलेला ट्रक येत होता. श्री ओरडला, "ब्रेक नको, फक्त पाय काढ!" मी पाय काढला. डबा आणखी दोनदा झुलला आणि सरळ झाला. ट्रकवाला जाताना आमच्याकडे बघून काहीतरी बोलला. ऐकू आलं नाही ते बरंच झालं.

"वारा असेल," मी म्हणाले. झाडाचं पानही हलत नव्हतं. खिडकी हातची जाऊ नये म्हणून माणूस काय काय म्हणतो!

ढाणकीच्या वाटेवर एक तांडा लागला (बंजारा समाजाची वस्ती). विचारून कडेच्या मोकळ्या जागेत डबा लावला. मोटारसायकली खाली काढल्या. ढाणकीला बाजार होता, तिथे भाजी घ्यायला जायचं होतं. तेवढ्यात शेतातून एक बंडी (बैलगाडी) आली आणि आमची जीप नेमकी तिच्या वाटेत. म्हणून जीप सोडवून बाजूला घेतली आणि डबा पुढच्या टेकूवर उभा ठेवला.

ढाणकीच्या बाजारात तुरीच्या ओल्या शेंगांचे ढीग लागले होते. शेंगा, वांगी, गूळ घेऊन तासाभरात परत आलो. मी चहा करायला आत गेले. श्रीने मिस्त्रींची हलकी गाडी ढकलत वर चढवली आणि मागे बांधली. मग त्याच्या जड गाडीचं इंजिन सुरू झाल्याचा आवाज मला आला. "ढकलायची आहे ना?" असं मी म्हणणार, इतक्यात जमीन हलली.

हलली म्हणजे पुढचं टोक उचललं गेलं. संपूर्ण घर मागच्या बाजूला कलंडलं. पातेलं, साखरेचा डबा, वांगी, शेंगा आणि मी, असे सगळे घसरत मागे गेलो. मी बाकाचा पाय धरला. समोर श्री गाडीसकट बाजूच्या भिंतीला रेलला होता, आणि त्याच्या गाडीच्या टाकीच्या झाकणातून पेट्रोल ठिबकत होतं. माझ्या एका हातात काडेपेटी होती आणि दुसऱ्या हातात काडी. ओढायची तेवढी राहिली होती.

मी काडी मुठीत घट्ट दाबून धरली. मोडली तरी मूठ उघडली नाही.

"श्री, इंजिन बंद कर."

"केलं."

"हलू नकोस."

"हलता येत नाहीये," तो म्हणाला.

बाहेर आरडाओरडा झाला. दाराच्या फटीतून दिसलं, तांड्यातून बायका-पुरुष धावत येत होते. एक म्हातारी सगळ्यांच्या पुढे होती. केस पांढरे, दंडापर्यंत बांगड्या आणि आवाज असा की शाळेची घंटा वाजवायला नको. तिने डबा जीपला जोडायच्या, आता हवेत उचललेल्या दांड्याकडे एकदा पाहिलं आणि हुकूम सोडला. काय म्हणाली ते त्यांच्या गोरबोलीत होतं, कळलं नाही; पण काय घडलं ते कळलं. दोघांनी दांड्याला लोंबकळून तो खाली ओढला आणि मग एकेक करून सात माणसं त्यावर ओळीने बसली. घर हळूहळू जागेवर आलं. पुढे सात जण बसलेले असताना श्रीने गाडी मागे सरकवत उतरवली.

मी बाहेर आले तेव्हा दांड्यावरचे सातही जण हसत होते. मीही हसायला लागले आणि तिथेच मातीत बसले.

"बंडी उलार झाली तुमची," म्हातारी म्हणाली. (मागे ओझं जास्त झालं की बैलगाडीचा पुढचा भाग वर उचलला जातो, त्याला उलार म्हणतात.) "एवढं शिकलेले लोक, वजन कुठी ठेवाव समजत नाही का वं?"

मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. त्यातली निदान वीस वर्षं मुलांना तरफ शिकवली. हे मी तिला सांगितलं नाही.

तिला सगळे याडी (आई) म्हणत. तिने आम्हाला अंगणात नेलं, ज्वारीची भाकरी, तुरीच्या सोल्यांची (ओल्या दाण्यांची) भाजी आणि ठेचा वाढला. मी श्रीला "अरे, पाणी दे" म्हटलं तसे तिने डोळे मिचकावले. "नवऱ्याले अरे म्हणते! अन् तो देते बी!"

जेवताना तिने आमचा सगळा बेत काढून घेतला. घर सोडून कायमचं फिरणार, यात तिला काहीच नवल वाटलं नाही. "आमचे पणजे तेच करत. बैलाच्या पाठीवर मीठ, धान्य लादून देशभर फिरत. बाईमाणूस, लेकरं, सारं संगं." ती भाकरी मोडत थांबली. "पण आधी बैलाचं पाहत. दोन्ही अंगाले गोण्या सारख्या झाल्या का, बैलाले जड तं होत नाही ना. माणसाची जागा मंग. तुमी पहिले पलंग पाह्यला असन."

"मी खिडकी पाहिली," मी कबूल केलं.

"अन् काहून रे," ती श्रीकडे वळली, "ढकलाची सोडून चालू करून कायले नेली वर?"

श्रीने हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाला, "उजवा गुडघा गेलाय, याडी. जड गाडी चढावर ढकलता येत नाही. जास्त वेळ चालवताही येत नाही." आणि माझ्याकडे न बघता पुढे म्हणाला, "सहा महिने झाले."

मला दोन दिवसांची त्याची उदारता आठवली. राग आला, खूप आला. फ्लॅट द्यायचं ठरलं, मुलीला सांगून झालं, आणि हा माणूस गुडघा लपवून बसला होता! पण तांड्याच्या अंगणात, कुणाच्या तरी घरची भाकरी खाताना, भांडता येत नाही. मी फक्त म्हणाले, "मला का नाही सांगितलंस?"

"तू नको म्हणाली असतीस."

"गुडघ्याला?"

"जायलाच."

याडीने आमच्या दोघांच्या ताटात आणखी भाजी वाढली.

दुसऱ्या दिवशी रिकामा डबा घेऊन सावकाश आर्णीला परतलो. मोटारसायकली आम्ही चालवत आणल्या नाहीत, तांड्यातल्या दोघा भावांनी हौसेने आर्णीपर्यंत पोचवल्या. वाटेत जीपमध्ये श्री म्हणाला, "तोच घेऊ. पांढरा. माझी गाडी विकून टाकतो. एकट्या तुझ्या गाडीने उलार नाही होणार. तुला ती खिडकी आवडलीय."

तो मनापासून बोलत होता, आणि कबूल करते, क्षणभर मला ती खिडकी डोळ्यांसमोर दिसली. पलीकडे नदी, झाडं, वाफाळता चहा. मग बाकाचा पाय धरून लोंबकळणारी मी दिसले, मुठीत काडी.

"नाही," मी म्हणाले. "ज्या खोलीत पेट्रोल, त्या खोलीत मी चूल पेटवणार नाही. आणि तू जीपमधून माझी गाडी बघत येणार असशील, तर मला कुठेच जायचं नाही. जमेल तेवढी चालव. दहा किलोमीटर तर दहा."

मिस्त्रींनी सगळं ऐकलं, आम्हाला बरंच सुनावलं, मग बुटक्या राखाडी डब्याभोवती फेरी मारली. त्याची जमीन मुळातच खाली होती, चढ नावापुरता. ते कानावरची पेन्सिल काढून पत्र्यावर रेघा ओढत गेले. "गाड्या अठी, चाकाच्या बरोबर वर अन् जराशा समोर. मधात लोखंडी भिंत, तिकडची हवा इकडं येनार नाही. बाजूनं दार कापू. अन् भाऊ, तुमच्यासाठी हाताची चरखी बसवतो. दोर बांधा, दांडा फिरवा, गाडी आपोआप वर. गुडघ्याले काम नाही."

"आणि स्वयंपाक?" मी विचारलं.

"बाहेर. बाजूचा पत्रा उचलला का त्याचंच छप्पर, खाली ओटा. थंडी-पावसात तरास होईन, खोटं नाही सांगत."

झोपायला जागा उरली ती साडेसहा फूट. श्रीने पाय लांब करून पाहिले. मी शेजारी आडवी झाले. कूस बदलायची तर दोघांनी मिळून बदलावी लागणार होती.

"हाच," आम्ही एकदमच म्हणालो. मिस्त्री पहिल्यांदा मोकळेपणाने हसले.

डबा तयार व्हायला महिना लागणार होता. सांगलीला परतलो, श्रीचा गुडघा डॉक्टरांना दाखवला (व्यायाम, पट्टा, आणि "गाडी चालवा, पण हट्ट करू नका"), आणि घर आवरायला काढलं. पहिल्याच संध्याकाळी मी बैठकीच्या खोलीतल्या फरशीवर खडूने तो डबा आखला, मापात. चौदा फूट लांब, सहा फूट रुंद. या चौकोनात मावेल ते आपलं, बाकीचं देऊन टाकायचं. तेहतीस वर्षांच्या संसारातलं एकेक आणून त्यात ठेवून पाहत होते. मिक्सर बाहेर गेला. पुस्तकांपैकी चार आत राहिली. लग्नातला डिनर सेट मी दोनदा आत आणला आणि तिसऱ्यांदा उचलून मुलीसाठी बांधून ठेवला. वाईट वाटलं, पण भीती वाटली होती तितकं नाही. वाटलं, इतकी वर्षं मी घर जपलं म्हणत होते, त्यातलं निम्मं नुसतं पुसत होते.

श्री दोन कप चहा घेऊन आला. खडूच्या रेघा ओलांडून, गुडघा सांभाळत, मोठ्या समाधानाने चौकोनाच्या मधोमध खाली बसला.

"सरक," मी म्हणाले. "तिथे माझी गाडी आहे."