सोंगट्या कोणी उचलायच्या

माणूस हरतो कसा, यापेक्षा हरल्यावर तो काय करतो, याचं मला लहानपणापासून भारी कुतूहल. शाळेत असताना मी बुद्धिबळाच्या तालुका स्पर्धेला जायचे. आमच्या सरांनी चाली शिकवायच्याही आधी डाव सोडायला शिकवलं होतं. वजीर गेला, हत्ती गेला, आता आपलं काही खरं नाही असं दिसलं की राजा हळूच आडवा करायचा, हात पुढे करायचा आणि समोरच्याकडे बघून 'छान खेळलीस' म्हणायचं. "मात होईपर्यंत ताणत बसू नका," सर सांगायचे. "हरलात हे तुमचं तुम्हाला कळलंय, एवढं तरी दाखवा." मी रडायचेच. पण आधी हात पुढे करून, मग रडायचे.

लग्न होऊन फुलचूरला आले आणि कळलं की माझे सासरेही बुद्धिबळ खेळतात. त्यांना मी मामाजी म्हणते. ते वनरक्षक होते, सारी नोकरी सालेकशाकडच्या जंगलात गेली आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी गोंदियाच्या कडेला हे घर बांधलं. मी रोज स्कूटीनं जवळच्या गोरेगावच्या शाळेत शिकवायला जाते, त्यामुळे आमचा डाव रविवारी दुपारी. छपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, चटई, चटईवर पट आणि बाजूला सोंगट्यांचा बिस्किटांचा जुना डबा. पहिल्या रविवारी मी हरले. राजा आडवा केला, सासऱ्यांशी हात कसा मिळवणार, म्हणून नुसतंच म्हटलं, "हरले मामाजी. छान खेळलात." ते ताडकन उठून आत गेले. मी म्हटलं, असेल बुवा स्वभाव. सोंगट्या डब्यात भरल्या आणि डबा कपाटावर ठेवला.

दुसऱ्या रविवारी मी जिंकत आले. मामाजी पक्के खेळाडू, मात कुठून येणार ते त्यांना चार चाली आधीच दिसतं. त्यांनी गुडघ्यांवर हात ठेवले, फाटकाकडे पाहिलं आणि म्हणाले, "मोटर चालूच राहिली वाटते." उठले ते उठलेच. पाण्याची मोटर बंद होती, हे मला बसल्या जागी ऐकू येत होतं! मी बराच वेळ त्यांच्या राजासमोर बसून राहिले. मग सोंगट्या डब्यात भरल्या आणि डबा कपाटावर ठेवला.

तेव्हापासून हेच. कधी मोटर, कधी दूधवाला आला का ते पाहायचं, कधी वाळत घातलेल्या मिरच्या. मोबाईलवर खेळताना अशी माणसं खूप भेटतात. हरायला लागली की डाव सोडायचं बटण दाबत नाहीत, नुसती गायब होतात आणि आपण घड्याळाकडे बघत बसायचं. मला वाटायचं, ही आजकालच्या पोरांची खोड. छे! आमच्या छपरीत तर अडुसष्ट वर्षांचं पोर बसलं होतं.

हे असं का, ते मला काही केल्या कळेना. सुनेकडून हरायची लाज वाटते म्हणावं, तर मला खेळायला तेच बोलवायचे. चार लोकांत "आमची सून हुशार आहे" हेही तेच सांगायचे. एकदा मी सगळ्या वाटा बंद करून बसले. त्यांनी फाटकाकडे पाहिलं तशी म्हटलं, "मामाजी, मोटर मी बंद केली आहे. दूधवाला येऊन गेला. मिरच्या आत घेतल्या."

त्यांनी थोडा विचार केला. "मंग लघवीले तं जाऊ देशीन?"

कपाळ माझं! मला बक्षीस नको होतं, कौतुक नको होतं. फक्त एकदा माझ्यासमोर बसून 'हारलो' म्हणा, एवढंच हवं होतं. इतकी वर्षं मी जिंकत होते आणि जिंकल्याचं मला कोणी सांगतच नव्हतं. हे हवंसं वाटणं पोरकट आहे हे कळत होतं, तरी वाटायचंच.

मागच्या हिवाळ्यात मामाजींचे एक जुने सोबती आले. दोघं एकाच लाकूड डेपोवर नोकरीला होते. दात दाखवायला गोंदियाला आले होते, येताना पिशवीभर शिंगाडे घेऊन आले. जेवणं झाल्यावर छपरीत पट मांडला गेला. मी आत-बाहेर करत लक्ष ठेवून होते, कारण मला बघायचं होतं की मामाजी सोबत्यासमोर कसे पळतात.

मामाजी हरले. सोबती उठले, अंगणातल्या नळावर गेले आणि पटाकडे पाठ करून सावकाश चुळा भरत बसले. आणि मामाजींनी डबा जवळ ओढला. एकेक सोंगटी उचलून, तोंडातल्या तोंडात मोजत, बत्तीसच्या बत्तीस डब्यात ठेवल्या, झाकण लावलं आणि मग हाक मारली, "ये, चहा आला." मी चहाचा ट्रे धरून दारात तशीच उभी. या घरात मामाजींनी स्वतःच्या हातानं काही उचललेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. ताट, कप, वाचून झालेला पेपर, सारं ते उठतील तिथंच राहायचं आणि मागून आई, म्हणजे माझ्या सासूबाई, नाहीतर मी, उचलायचो.

सोबती निघाले तेव्हा मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले आणि सोंगट्यांचं विचारलंच. ते हसले.

"तुमाले नाही सांगतलं का त्यानं? डेपोवर आमच्या सोंगट्या सागाच्या ढलप्याईच्या होत्या. जमिनीवर खडूनं पट काढाचा. एक प्यादं हरवलं का खेळ बंद. म्हणून कायदा केला होता. हारला तो उचलते, मोजून ठेवते. जितला तो उठून जाते, मांगं पाहत नाही."

"पाहत नाही, ते काऊन?"

"हारलेल्याचं तोंड कायले पाहाचं, बाई? उचलता उचलता त्याचा राग उतरते. बोलाचं काहीच काम नाही. उचललं म्हणजे हारला, बस." फाटक उघडता उघडता ते पुढे म्हणाले, "कायदा तुमच्या सासऱ्यानंच काढला होता."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे हरल्यावर मोटर बघायला जाणारा माणूस जिंकल्यासारखा उठून जात होता! आणि मी? हरले तरी मीच उचलत होते, जिंकले तरी मीच उचलत होते. त्यांच्या कायद्यानं बघितलं तर या घरात मी एकही डाव जिंकलेला नव्हता. पडलो तरी नाक वर म्हणतात ते हेच. आणि कायदा किती छान, त्यात हरणाऱ्याची केवढी काळजी! तो फक्त डेपोवरच का राहिला, हेच मला समजेना.

मी कोणालाच काही बोलले नाही. पुढच्या रविवारी खेळायला बसले. त्या दिवशी मी जीव ओतून खेळले. घोडा असा घातला की राजाला शह आणि वजीरही गेला. मामाजींनी गुडघ्यांवर हात ठेवले, फाटकाकडे पाहिलं.

"टाकी भरली वाटते."

ते उठले. आणि मीही उठले. सोंगट्यांना हात न लावता, मागे न बघता सरळ आत गेले आणि कणीक मळायला घेतली.

संध्याकाळी पट तिथंच होता. मामाजी त्याला वळसा घालून खुर्चीवर जाऊन बसले. नवऱ्यानं तो ओलांडताना विचारलं, "हे काऊन पडून आहे?"

"ज्यानं उचलायचं त्यानं उचललं नाही म्हणून."

"काय लहान पोरांसारखं लावलं आहे?"

"मग तुम्ही उचला."

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा बापाकडे, आणि मोबाईल काढून बसले. सोमवारी मी शाळेत गेले, आले, पट जिथल्या तिथं. माझा घोडा, त्यांचा कोंडलेला राजा, सारं जसंच्या तसं. मामाजी पेपरातली एकच जाहिरात पुन्हा पुन्हा वाचत होते. माझंही ठरलं होतं, काय व्हायचं ते होऊ दे, हात लावायचा नाही.

मंगळवारी सकाळी मी जेवणाचा डबा भरून निघण्याच्या बेतात होते. आई छपरी झाडत होत्या. त्यांनी झाडू भिंतीला टेकवला, एक हात कमरेवर ठेवून हळूहळू खाली बसल्या, त्यांचे गुडघे दुखतात, आणि सोंगट्या उचलून पदरात टाकू लागल्या. कोणाला काही विचारलं नाही, कोणावर रागावल्या नाहीत. ताट उचलतात तसंच.

"राहू दे ते," मामाजी खुर्चीवरून म्हणाले.

आईंना ऐकू गेलं नाही, किंवा गेलं असेल.

"तू काऊन उचलून राहिली? तू खेळली होती का?"

"मंग कोण उचलीन?"

मामाजी उठले. आईंच्या समोर चटईवर येऊन बसले आणि त्यांच्या पदरातल्या सोंगट्या एकेक करून परत काढून घेऊ लागले. माझ्याकडे पाहिलं नाही. डब्यात टाकताना म्हणाले, "हारला तो उचलते. मी हारलो."

ऐकलं मी. शब्द न् शब्द ऐकला! खरं सांगते, मी 'छान खेळलात' म्हणायला तोंड उघडलं होतं.

पण आई आधी बोलल्या. रिकामा पदर हातात तसाच होता. आवाजात टोमणा नव्हता, राग नव्हता. खरंच माहीत करून घ्यायचं असल्यासारखं त्यांनी विचारलं, "मंग चाळीस वर्षं मीच हारून राहिली होती का जी?"

मामाजींच्या हातात उंट होता. तो त्यांनी डब्यात ठेवला, परत बाहेर काढला. मोजणी चुकली असावी, कारण सगळ्या सोंगट्या चटईवर ओतून त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. एक, दोन, तीन. आई दाराच्या चौकटीला धरून उठल्या आणि झाडूकडे वळल्या.

आणि तेव्हा मला जमीन दिसली. दोन दिवस तो पट पडून होता आणि त्याच्या चारही बाजूंनी छपरी स्वच्छ होती. सकाळ-संध्याकाळ कोणीतरी वाकून, चटईला धक्का न लावता, तिच्या कडेकडेनं झाडलं होतं. मी मामाजींशी भांडत होते आणि वाकत होत्या आई. ते मला दोन दिवस दिसलं नव्हतं. चाळीस वर्षांचं तर सोडाच, माझ्या घरातल्या दोन दिवसांचंसुद्धा नाही.

जितला तो उठून जातो, मागे पाहत नाही, असा कायदा आहे. माझी शाळेची वेळ झाली होती, स्कूटीची किल्ली हातात होती, जाता आलं असतं. मी जेवणाचा डबा खाली ठेवला आणि आईंच्या हातातला झाडू घेतला. त्या देईनात, तरी घेतला. मामाजींचे बत्तीस झाले तशी मी चटई गुंडाळली. तिच्याखालची तेवढी जागा झाडायची राहिली होती, ती झाडली.