पुरचुंडीतल्या दहाच्या नोटा

देव मी मानत नव्हते असं नाही. घरात सांजवात लागते, गुरुवारी उपास असतो. पण खरं सांगायचं तर माझा भरवसा यादीवर होता. वाळूजच्या एका औषध कारखान्यात गेली बावीस वर्षं मी पॅकिंग विभाग सांभाळते. खोक्यावरचं लेबल, आतलं माहितीपत्रक, मुदतीची तारीख हे सगळं वाचून खूण केल्याशिवाय माल माझ्या टेबलावरून पुढे जात नाही. घरातही तसंच. पडेगावच्या आमच्या गल्लीत कुणाच्या घरी लग्न निघालं की बायका आधी माझ्याकडे यादी मागायला येतात. देवाकडे काही मागायची वेळ माझ्यावर फारशी आली नव्हती, आणि त्याचा मला थोडा गर्वही होता.

हे एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले तेव्हा त्यांनी एकच इच्छा बोलून दाखवली, नेपाळात मुक्तिनाथाचं दर्शन. मी लगेच कामाला लागले. त्याआधी आम्ही मुलाकडे सिंगापूरला जाऊन आलो होतो. त्या वेळी मी पैशांचा बराच अभ्यास केला होता. रोख किती न्यायची, चलन कुठे बदलायचं, कोणत्या कार्डावर कमी पैसे कापतात, सगळं. शेवटी बँकेतून डॉलर भरलेलं प्रवासी कार्ड घेतलं आणि ते तिथे प्रत्येक ठिकाणी बिनबोभाट चाललं. म्हणून नेपाळसाठी मी तीच यादी पुढे ठेवली. प्रवासी कार्ड, चलन बदलायला म्हणून कोऱ्या पाचशेच्या नोटा, बाकी काही नाही. नेहमीची एटीएम कार्डं हरवतील म्हणून कपाटात कुलूपबंद केली.

"थोडे सुट्टे घे गं," हे म्हणाले. "सत्तावीस वर्षं सुट्ट्यांपायी लोकांशी भांडलोय मी."

"तुमची एसटी नाहीये ती," मी म्हटलं.

निघायच्या आदल्या दिवशी गयाबाई मावशी आल्या. आमच्या घरामागे त्यांच्या शेळ्या असतात. सासर-माहेर दोन्हीकडे मेंढरं राखणारी माणसं, आणि गल्लीत त्यांचा शब्द सगळ्या ऐकतात. त्यांच्या हातात फडक्यात बांधलेली एक पुरचुंडी होती. आमच्याकडे कुणी यात्रेला निघालं की घरोघरच्या बायका त्याच्याबरोबर देवासाठी पैसे पाठवतात. ज्याला जाणं जमत नाही त्याची नोट तरी देवाच्या पायाशी पोचावी म्हणून. मावशींनी सगळी गल्ली पालथी घातली होती, आणि अजिंठ्याकडच्या माझ्या माहेरच्या बायकांकडूनही मागवून घेतले होते. दहाच्या, वीसच्या, पन्नासच्या, कुणाकुणाच्या शंभराच्या, आणि सगळ्या नोटांना हळद लावलेली.

"मावशी, हे ओझं कुठं बाळगू? मी सगळं कार्डावर नेतेय."

"मग देवाम्होरं कार्ड घासशील व्हय?"

"तसं नाही. सगळ्यांच्या वतीने मी तिथे एकच मोठी नोट टाकते. हे ज्याचं त्याला देऊन टाका."

"नाय बाई. देवाच्या नावानं पदरातनं सुटलेलं माघारी घेत नसतात. टाक पिशवीत. तुला काय डोक्यावर न्यायचंय?"

त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी पुरचुंडी घेतली आणि पिशवीच्या तळाशी लोकरी मोज्यांत कोंबली. माझ्या यादीत तिला ओळही नव्हती.

काठमांडूला थोडे पैसे बदलून घेतले, ते वाटेत संपत आले. डोंगराखालच्या जोमसोम गावात एटीएममध्ये कार्ड घातलं, त्याने दोनदा परत टाकलं. मशीन बिघडलं असेल, वर दुसरं मिळेल, असं म्हणून मी पुढे निघाले. मुक्तिनाथाच्या पायथ्याच्या वस्तीत पोचलो तेव्हा संध्याकाळ होत आली होती. देऊळ तिथून अर्ध्या तासाच्या चढावर. सकाळी जाऊ असं ठरलं.

सकाळी हे उठलेच नाहीत. डोकं ठणकत होतं, उलट्या होत होत्या. विरळ हवेचा त्रास आहे, बरं वाटेल, असं मी मलाच सांगत राहिले, माझ्याजवळच्या गोळ्या दिल्या. दुपारपर्यंत त्यांना चार पावलं चालायला धाप लागू लागली. ओठ निळसर दिसत होते. लॉज चालवणारी बाई माझ्याच वयाची, तिला सगळे दिदी म्हणत. तिने यांच्याकडे एकदा पाहिलं आणि मला खांद्याला धरून हलवलं. "नीचे ले जाओ. अभी. यहाँ बैठोगे तो ये नहीं बचेंगे."

माणसांनी भरून जाणाऱ्या जीपा सकाळीच गेल्या होत्या. एकच जीप उभी होती, तिचा म्हातारासा ड्रायव्हर जोमसोमच्या दवाखान्यापर्यंत यायला तयार होता. डिझेल भरायचं म्हणून भाडं मात्र आधी आणि रोख मागत होता. मी कार्ड पुढे केलं. दिदीने आपल्या मशीनमध्ये घालून पाहिलं, नकार आला. तेव्हा प्रथमच मी कार्डाबरोबरचा घडी घातलेला कागद उघडला. बारीक अक्षरांत लिहिलं होतं की हे कार्ड भारत, नेपाळ आणि भूतान सोडून सर्वत्र चालेल. बावीस वर्षं दुसऱ्यांची लेबलं तपासणाऱ्या बाईने स्वतःच्या हातातलं लेबल वाचलं नव्हतं. मोबाइल तर काठमांडू सोडल्यापासून मुकाच होता. पाचशेच्या नोटा काढल्या तर ड्रायव्हर मान हलवत म्हणाला, "ये इधर नहीं चलता, बहनजी. सौ से बड़ा इंडियन नोट यहाँ कोई नहीं लेता. सौ वाला है? छोटा वाला?"

मी नाही म्हणून मान हलवली. बाकावर हे भिंतीला डोकं टेकून बसले होते, श्वासाचा आवाज मला लांबून ऐकू येत होता. माझ्याकडे पुढची ओळ नव्हती. मी डोळे मिटले आणि आयुष्यात पहिल्यांदा काहीही न ठरवता म्हटलं, देवा, मला काही सुचत नाही, आता तूच बघ. डोळे उघडले तेव्हा ड्रायव्हरचा प्रश्न कानात तसाच होता. छोटा वाला है? आणि मला लोकरी मोजे आठवले.

पुरचुंडी बाहेर काढली, पण गाठ सोडायला हात होईना. ते पैसे माझे नव्हते. ज्या बायका आपल्या गावच्या पुढे कधी गेल्या नव्हत्या त्यांचे होते, आणि आता त्यांचेही नव्हते. दिदीने गाठ सोडली, हळद पाहिली आणि विचारलं, "पूजा का है?"

"हाँ. मंदिर का है. मेरा नहीं है."

तिने क्षणभर हात जोडले. मग वरची दहाची एक नोट उचलून कपाळाला लावली आणि चोळीत खोचली. "ये मैं चढ़ा दूँगी," ती म्हणाली. "बाकी नीचे जाएगा." आणि उरलेल्या नोटा तिनेच ड्रायव्हरच्या हातात दिल्या. त्यानेही त्या आधी कपाळाला लावल्या, मोजल्या मागून. भाडं भागलं, वर थोडे उरले.

तो रस्ता मला फारसा आठवत नाही. आठवतं ते ड्रायव्हरचं स्टिअरिंग. त्याच्या बोटांची हळद त्याला लागली होती आणि प्रत्येक वळणावर ते पिवळे डाग फिरताना दिसत होते. आम्ही जसजसे खाली उतरत होतो तसतसा यांचा श्वास खोल होत गेला. नदी दिसू लागली तेव्हा यांनी डोळे उघडले, माझ्या मुठीत उरलेल्या नोटांकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "सुट्टे कुठून आणलेस?"

माझा इतका वेळ आवरलेला हुंदका तेव्हा फुटला.

दवाखान्यात प्राणवायू लावला. वेळेवर आणलंत, एवढंच डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या फोनवरून मुलाला कळवलं, त्याने पैसे पाठवणाऱ्या दुकानामार्फत सोय केली. पुन्हा वर जायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. देऊळ आम्ही पाहिलंच नाही.

घरी आल्यावर मला खरी भीती गल्लीची होती. गयाबाई मावशींच्या ओट्यावर सगळ्या जमल्या आणि मी काहीही न लपवता सांगितलं. तुमची एकच नोट देवाकडे राहिली, बाकीच्या जीपला दिल्या, उरल्या त्या दवाखान्यात गेल्या. मावशींनी पुढ्यातली शेळी हाकलली आणि म्हणाल्या, "मग पोचले म्हण की."

"कुठं पोचले, मावशी?"

"अगं, आम्ही देवासाठी दिले. त्यानं कुणावर खर्चावं ते तू ठरिवणार व्हय? तुझ्या नवऱ्याचं लई भारी भाडं भरलं त्यानं. आता त्याला म्हणावं, नीट चाल." सगळ्या हसल्या. मी त्यांच्या पाया पडले, तर त्यांनी पाय ओढून घेतले.

त्यात चमत्कार होता की नव्हता, यावर मी वाद घालत नाही. जे घडलं ते लिहिलं. मी परदेशात पैसे कसे न्यायचे याचा अभ्यास केला होता, आणि मी ओझं समजून मोज्यांत कोंबलेली वस्तू माझ्याआधी कुणीतरी माझ्यासाठी बांधून ठेवली होती. याद्या मी आजही करते. त्या करायलाच हव्यात. आता कार्डावरचं बारीक अक्षरही वाचते, दोन कार्डं दोन पिशव्यांत ठेवते, सुट्टेही घेते. पण गल्लीतलं कुणी यात्रेला निघालं की पहिली हळद लावलेली नोट माझी असते, आणि ती कुठे वाहिली हे मी विचारत नाही.

त्या दिदीने ती दहाची नोट मुक्तिनाथाला वाहिली का, हेही मी कधी विचारलं नाही. खूण न करता सोडलेली ही माझी एकच ओळ आहे. यांना सकाळी अंगणात चहा पिताना पाहते तेव्हा ती आठवते, आणि माझे हात आपोआप जोडले जातात.