तपासणीच्या आधीची सभा

बोलणारा भरकटायला लागला की त्या चष्मा काढून टेबलावर ठेवत आणि म्हणत, "अहो, मुद्द्यावर या." सदाशिव पेठेतल्या आमच्या सोसायटीच्या त्या सेक्रेटरी. त्यांच्यासमोर पाल्हाळ लावायची कुणाची छाती नव्हती. मी त्यांच्या समोरच्याच घरात राहायचो, त्यामुळे माझी तर नव्हतीच.

त्यांच्या स्तनात गाठ निघाली, ऑपरेशन झालं. पुढे डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. नुसत्या गोळ्या, किंवा आधी केमो आणि मग गोळ्या. केमोने आजार उलटण्याचा धोका आणखी थोडा कमी होईल, पण त्रास नक्की. ठरवायचं बाईंनी.

मग काय, सल्ल्यांचा पूर! गव्हांकुराच्या रसापासून कुलदैवतापर्यंत. शेवटी बाईंनी रविवारी घरात चक्क सभा बोलावली. नवरा, मुलगी, नणंद आणि शेजारी म्हणून मी. मुलगी म्हणाली, केमो घेच. नवऱ्याचा आवाज कापला, "तुझे हाल बघवणार नाहीत गं मला." सगळ्यांचं झाल्यावर नणंदेने विचारलं, "मग आता मतं घ्यायची?"

"छे! शरीर माझं आहे," बाई म्हणाल्या. "तुम्हाला बोलून मोकळं व्हायचं होतं, झालात. चहा घ्या."

दोन दिवसांनी त्यांनी केमो घ्यायचं ठरवलं. मला म्हणाल्या, "उद्या उलटलंच, तर तेव्हा का नाही घेतली, असं स्वतःला विचारत बसायचं नाही मला."

केस गेले. तशाच, डोक्याला काही न बांधता सोसायटीच्या सभेला आल्या. एक सभासद टक लावून बघत राहिले. "अहो, विषय पत्रिकेवर आहेत, माझ्या डोक्यावर नाहीत," बाई म्हणाल्या, आणि सभा पुढे सरकली.

केमो संपल्यावर पेढे वाटले. आम्हाला वाटलं, सुटल्या. पण नुसती पाठ दुखली तरी त्यांचा चेहरा उतरायचा. जिन्यात एकदा म्हणाल्या, "उपचार चालू होते तेव्हा बरं होतं हो. काहीतरी करत होते. आता नुसती वाट बघायची." मला फार वाईट वाटलं. मुलीकडे जायचं तिकीट असो की नवा सोफा, बाई म्हणायच्या, "तपासणी होऊ दे."

अशात इमारतीच्या पुनर्विकासाचा विषय निघाला. जुनी पाडून नवी उभी राहायची म्हणजे काही वर्षं जाणार. सभेत एक आजोबा म्हणाले, "तोवर आपण असू की नसू! कशाला हा उपद्व्याप?"

बाईंकडे बघायची कुणाची हिंमत होईना. त्यांची तपासणी त्याच आठवड्यात होती, हे मला ठाऊक होतं.

"मी असेन, असं धरून चाललेय," त्या म्हणाल्या. "मला सगळ्यात वरचा मजला हवा." आणि ऑपरेशनच्या बाजूचा हात, जो कित्येक महिने खांद्याच्या वर जात नव्हता, तो त्यांनी पुनर्विकासाच्या बाजूने ताठ वर केला. मग एकेक करत सगळ्यांचे हात वर गेले. आजोबांचासुद्धा.

तपासणीत काही निघालं नाही, पण ते नंतर.

आता इमारतीच्या जागी मोठा खड्डा आहे आणि आम्ही सगळे भाड्याच्या घरात. बाई कात्रजला असतात. परवा मी सहज आमच्या जुन्या जागेवरून जात होतो, तर पिवळं हेल्मेट घालून बाई खड्ड्याच्या काठावर उभ्या. कंत्राटदार बिचारा मान वर करून बघत होता, आणि बाई रिकाम्या आभाळाकडे बोट दाखवून त्याला सांगत होत्या, "ती तिथे माझी खिडकी. ओटा बरोबर तिच्याखाली हवा."