पत्रूभाऊंचा खोडरबर

मूल गावाकडच्या एका कॉलेजात पत्रूभाऊ शिपाई. सव्वीस वर्षं वर्गाच्या दाराशी स्टुलावर बसून त्यांनी जेवढा इतिहास ऐकला, तेवढा कुण्या विद्यार्थ्याने ऐकला नसेल. त्यातला निम्मा झोपेत ऐकला, ही गोष्ट वेगळी.

साधना मॅडमनी शिकवण्याच्या पद्धतींवर संशोधन काढलं होतं. विषय एकच, तुकड्या दोन. एकीला गुणवंतराव सर आपल्या पिवळ्या वहीतून मजकूर सांगणार, दुसरीला मॅडम गट पाडून बोलतं करणार. शेवटी मुलांनी फॉर्मवर पेन्सिलीने एक ते पाचपैकी (पाच म्हणजे उत्तम) एका आकड्याला गोल करायचा आणि खाली मनातलं लिहायचं. तीन वर्षं बाई या कामाला जुंपलेल्या. सोमवारी विद्यापीठात निकाल वाचायचा होता.

नेमका रोवणा, म्हणजे भातलावणी, लागला आणि सरांची अख्खी तुकडी धानाच्या बांधीत. मग पत्रूभाऊच फॉर्म घेऊन सायकलने गेले. पोरापोरींनी चिखलाचे हात गमछ्याला-ओढणीला पुसले, गोल केले, खाली लिहिलं आणि पुन्हा सगळी वाकली.

परतताना पत्रूभाऊ पळसाखाली टेकले आणि नको ते केलं, म्हणजे फॉर्म वाचले. सगळीकडे एक, नाहीतर दोन. खाली एकीने लिहिलेलं, ‘सरांच्या तासाला झोप मस्त लागते.’ दुसरीने, ‘याच वहीवर माझा बाप नापास झाला.’ सर दोन महिन्यांनी रिटायर होणार, आणि चाललेल्या माणसाला कोणी असं म्हणते का? गावातल्या दुकानातून त्यांनी खोडरबर घेतला. खालचं सगळं साफ केलं आणि प्रत्येक फॉर्मवर पाचाला गोल.

मॅडमनी आकडे मांडले: वहीला पूर्ण पाच, गटांना त्याहून कमी. निकाल ऐकून सरांनी जिलेबी आणली. मॅडम मात्र आपले गटांचे तक्ते गुंडाळत होत्या.

“पत्रूभाऊ, हे अडगळीत टाका. पोरांना वहीच हवी आहे. सोमवारी तसंच वाचते आणि हा नाद सोडते.”

तक्ते कवेत घेऊन पत्रूभाऊ दारापर्यंत गेले आणि तिथंच थांबले.

“मॅडम, ते पाच माहे हायेत जी. पोरायचे मी खोडले. सर चालले ना आता, म्हणून.”

“अहो, तीन वर्षांचं काम तुम्ही एका रबराने पुसलंत?” मॅडमनी एक फॉर्म उजेडाकडे धरून पाहिला. मग म्हणाल्या, “काय लिहिलं होतं, ते तरी सांगा.”

ऐकून ऐकून पाठ करायची सवय. पत्रूभाऊंनी घडाघडा सगळं म्हणून दाखवलं. झोपही, बापही. मागे वळले तर दारात जिलेबीची प्लेट घेतलेले सर.

“पत्रू, तुले कसं वाटते माह्यं शिकवणं?”

“झोप मलेही येते जी, सर.”

सरांनी प्लेट टेबलावर ठेवली आणि पत्रूभाऊंच्या कवेतले तक्ते काढून घेतले. “बाई, हे गट कसे पाडतात?”

मॅडमनी महिन्याची मुदत मागून घेतली. फॉर्म पुन्हा भरले, या वेळी कुलपाच्या पेटीत, आणि पेटीला पत्रूभाऊंनी हात लावायचा नाही. वहीला दीड मिळाले. मग महिनाभर सर वहीशिवाय शिकवत राहिले. गट पाडताना सगळे चुलतभाऊ एकाच गटात आले, वर्गात भांडणं झाली, पण झोप कोणालाच लागली नाही. पुन्हा पेटी उघडली. अडीच.

निरोप समारंभात सरांनी खिशातून अडीचच्या निकालाचा कागद काढला आणि शाल बाजूला ठेवून सगळ्यांना दाखवत फिरले.

“ते पाच पत्रूचे होते,” ते म्हणाले. “हे अडीच माझे आहेत.”