एक कर्णा जादा

आमच्या साडूंइतका भिडस्त माणूस अख्ख्या इंदापूर तालुक्यात झाला नसेल, आणि भिडेपायी इतकी मशिनं जाळणाराही. ॲम्प्लिफायरला सगळे मशीनच म्हणायचे. नव्वदनंतरच्या त्या वर्षांत पळसदेवपासून पार बारामतीपर्यंत लग्नात स्पीकर लावायचे ते साडूंनी. मंगलाष्टका मांडवात ऐकू आल्या म्हणजे झालं, असं तेव्हा नव्हतं. वस्तीवर अडकलेली म्हातारीकोतारी, गुरांपाशी राहिलेली माणसं, प्रत्येकाच्या दिशेनं एक कर्णा हवा, नाहीतर रुसवा. ‘‘आमच्या वस्तीकडं त्वांड न्हाय व्हय कर्ण्याचं?’’ असं कुणी नुसतं म्हणायचा अवकाश, साडू वायर खांद्यावर टाकून झाडावर. मशीनला झेपणार चार, हे जोडणार आठ. एकदा माळेगावात आहेर वाचता वाचता मशीन जळालं. वास सुटला, तेव्हा जिलबी करपली म्हणून यजमानांनी आचाऱ्यालाच फैलावर घेतलं. साडू आपले लग्नपत्रिकेनं मशीनला वारा घालत बसलेले. ‘‘जळालं न्हाय, घाम आलाय त्याला,’’ म्हणाले. आता ते कर्णे बांधत नाहीत, कुणी कितीही बोलावलं तरी. मला त्याचं अजून वाईट वाटतं.

त्यांची थोरली बहीण, आक्का, उजनीच्या पाण्यापलीकडं दिलेली. आईमागं तिनंच साडूंना वाढवलं. साडूंच्या मुलीच्या लग्नात ती अंथरुणाला खिळलेली, होडीत बसवणं शक्य नव्हतं. निदान मंगलाष्टका तरी कानावर पडाव्यात म्हणून साडूंनी काठच्या बाभळीवर पलीकडं तोंड करून कर्णा बांधला. माझ्या मेहुणीनं नवऱ्याला निक्षून बजावलं, ‘‘आक्कांसाठी ह्यो एक आन् मांडवातला एक. जादा लावाल तर बगा!’’ साडूंनी मान हलवली. पण सकाळपासून भावकी एकेक वस्तीचं नाव घेऊन यायला लागली आणि साडूंच्या तोंडून ‘न्हाय’ काही निघेना. दुसऱ्याच मंगलाष्टकेला मशीनमधून धूर आला. नवरीच्या बापानं डोक्यावरचा फेटा काढून मशीनवर दाबला. पुढच्या अष्टका भटजींनी नुसत्या गळ्यावर म्हटल्या, मांडवात अक्षता पडल्या, कुणाचं काही अडलं नाही. साडू तेवढे पाण्याकडं बघत उभे होते.

पंगत बसल्यावर ते मला घेऊन होडीनं पलीकडं गेले. आक्का अंगणात बाजेवर, मूठ घट्ट आवळून.

‘‘लागलं का रं लगीन? आवाजच बंद झाला. मला वाटलं, काय इपरीत झालं.’’

‘‘लागलं, आक्का. माझंच चुकलं.’’

तिनं मूठ उघडली. ‘‘कवा टाकायच्या कळंचना मला. वाक जरा. पोरीपातुर ने.’’ आणि सगळ्या अक्षता तिनं भावाच्या तुळतुळीत टकलावर टाकल्या.

परतीच्या होडीत साडू मान ताठ धरून बसले. वारा सुटला होता. दाणे घरंगळत होते, आणि उरलेलेही पडतील या भीतीनं ते हात वर नेत नव्हते.

मुलीची पाठवणी त्यांच्यासाठी थांबली होती. बाप लेकीपुढं वाकला. ‘‘आक्कानं धाडल्यात,’’ म्हणाला. तिनं पदर पसरला. साडूंनी डोकं झटकलं, पुन्हा झटकलं. पदरात काही पडलं नाही. पोरीनं त्या रिकाम्या पदराला गाठ मारली आणि ती गाडीत बसली.